तरवडाची खूण

फांदीचं टोक कुठल्या वाटेकडं करायचं ते सासूनं सांगितलं होतं. डाव्या. तुळजापूरच्या अंगाला. तरी तारामती फाट्यावर उकिडवी बसून राहिली, हातात तरवडाची फांदी धरून, आणि बघत राहिली उजवीकडं.

उजवीकडं, माळ संपतो तिथं, येडाईचा डोंगर होता. अंगठ्याएवढा. डोंगराच्या पायथ्याला येरमाळा, आणि येरमाळ्यात तिची आई!

घर सोडून आज तिसरा दिवस. राज्य नवं झालं होतं, सडकेवर एस.टी. धावायला लागली होती. मेंढरांची वाट मात्र जुनीच. दिवाळी झाली की मांजरेकाठच्या धनगरांनी भीमेकडं निघायचं, ते आखाडाच्या तोंडालाच परत. लग्नानंतरची तारामतीची ही पहिली फेरी. बायकांनी घोडी घेऊन पुढं चालायचं, तळाची जागा धरायची, चूल मांडायची. पुरुष मेंढरं चारत मागनं येणार. या घरात बायका दोनच, सिताबाई आणि त्यांची ही सून. तीन दिवस तोच माळ, तेच कुसळ, आणि सावली म्हणावी तर पुढच्या माणसाची. बोलायला कोण, तर सासू, घोडी आणि ओझ्यावर पाय बांधून बसवलेली एक कोंबडी. त्यातल्या त्यात कोंबडीच जास्त बोलायची.

मागच्यांना वाट कळावी म्हणून प्रत्येक फाट्यावर खूण ठेवायची. फांदी आडवी, पाल्याचं टोक जायच्या वाटेकडं, बुडख्यावर दगड. सिताबाईंचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून हे काम तारामतीकडं आलं. पहिल्या दिवशी तिनं ऐटीत बोरीची फांदी ठेवली, आणि कुणाच्या तरी शेळ्यांनी ती खाऊन टाकली! मेंढरं घेऊन सासरे हरिबा आणि नवरा लिंबाजी अर्धा दिवस भलत्याच नाल्यात. पीठ घोडीवर, पाणी घोडीवर. दोघं तळावर आले ते तहानेनं काळे पडून.

“आमच्या सुनंची खूण शेळ्यांनी खाल्ली,” हरिबा म्हणाले. “आता सून तेवढी संभाळा, न्हायतर तीबी खात्याल.”

फुटक्या ओठांनी लिंबाजी हसला. तारामतीलाही हसू आलं. सिताबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

“पोरी, तरवड घेत जा. तरवडाला शेळी तोंड लावत न्हाय. आन खूण म्हंजी आपलं बोलणं. मागचा माणूस डोळं झाकून तिच्यामागं येतो.”

आज सकाळी डोंगर दिसायला लागला आणि तारामतीचं तोंड सुरू झालं होतं.

“आत्याबाई, येरमाळ्यावरनं न्हाय का जाता येत?”

“येतं की. दोन मुक्काम वाढत्यात.”

“मग?”

“पयल्या साली सुनंला माहेरच्या शिवंतनं न्यायची न्हाय. पाय रुततो. आमच्यात चालत आलंय तसं.”

“आई रोज डोंगराच्या पायऱ्यांवर येणार हाय. म्हणाली, कळपाची धूळ लांबनं दिसती. धूळ दिसली की म्हणंन, माझी तारी चालली.”

सिताबाईंनी घोडीची दोरी ओढली.

“तुमचं माहेर न्हाय का लागत वाटंवर?”

“लागायचं. पयलं आमी माकणीवरनं जायचो, तवा.”

“मग भेटलात आईला?”

“चल, ऊन झालं.”

आणि आता हा फाटा. डाव्या वाटेच्या कडेनं लांबच लांब टेकाड गेलं होतं. त्याच्या आडनं कळप गेला तर धूळसुद्धा दिसणार नव्हती. आई पायऱ्यांवर बसणार, डोळ्यांवर हात धरणार, आणि दिसणार काय? नुसता माळ!

तारामतीनं टोक उजवीकडं केलं. एकदा मेंढरं त्या वाटेला लागली की आपल्यालाही मागं यावंच लागेल. तिनं दगड ठेवला आणि डाव्या वाटेनं सासूच्या मागं पळाली.

शंभर पावलं झाली. घोडीवरची घागर डुचमळली. दोनशे झाली. पुन्हा डुचमळली. तिला लिंबाजीचे ओठ आठवले. तसल्या ओठांनी तो हसला होता.

“आत्याबाई!” ती थांबली. “म्या खूण खोटी ठिवली.”

सिताबाई वळल्या. सुनेच्या तोंडाकडं बघितलं, मग डोंगराकडं. त्यांनी घोडी फिरवली आणि आल्या वाटेनं चालायला लागल्या. कोंबडीसुद्धा गप्प झाली.

फांदी होती तशीच होती, पिवळी फुलं डोंगराकडं करून.

“म्या फिरवते,” तारामती घाईनं म्हणाली.

“थांब.”

सिताबाईंनी कपाळाशी हात धरला आणि माळाच्या शेवटाकडं बघत राहिल्या.

“माझीबी यायची,” त्या म्हणाल्या. “माकणीच्या पांदीला उभी ऱ्हायची. दोनच सालं आली. त्यातलं पयलं आमी आडवाटंनं गेलो, आन तिसऱ्या साली पांद रिकामी.”

मग त्या खाली बसायला लागल्या. गुडघे कटकन वाजले. तारामतीनं मान वळवली; टोक डावीकडं फिरताना तिला बघायचं नव्हतं. दगडावर दगड वाजला तसं तिनं पाहिलं.

फांदी जागची हलली नव्हती. सिताबाईंनी तिच्यावर आणखी एक दगड ठेवला होता, पहिल्यापेक्षा मोठा.

“वारं लई हाय,” त्या म्हणाल्या. “फिरंल उगं.”