सहा नंबरचा मर्मर

"नाव?" अंकितानं विचारलं.

"भाऊसो लिवा," भाऊसोंची लेक मंगल पलंगाशेजारून म्हणाली.

पलंगावरचा म्हातारा शर्ट काढून, हात मांडीवर ठेवून बसला होता. तो छताकडे बघत राहिला.

अंकितानं पुढचं काही विचारलं नाही. सांगलीतल्या त्या मेडिकल कॉलेजात भाऊसो सगळ्यांनाच पाठ होते. माजी सैनिक, गाव साताऱ्याकडचं, लहानपणी सांधेताप, त्यातून फौज सोडल्यावर गळकी झालेली हृदयाची एक झडप. स्टेथोस्कोप लावला की रक्त मागं फिरल्याचा फुसफुस आवाज येतो, तो मर्मर. प्रात्यक्षिक परीक्षा आली की वॉर्डातून मंगलला फोन जाई आणि ती भाऊसोंना घेऊन येई. बेड नंबर सहा. सहा नंबरचं उत्तर जुनी मुलं नव्या मुलांना आधीच सांगून ठेवत. असे डॉक्टर तयार होत होते.

"दम कवापासनं लागतो, ते न्हाई इचारायचं?" मंगल म्हणाली.

"माहितीये मावशी."

"व्हय? बरं झालं. बोलायचा तरास वाचला."

अंकिताची ही दुसरी खेप होती. तिच्या बरोबरीची मुलं इंटर्न होऊन याच वॉर्डात मिरवत होती. आजही नापास झाली, तर ती पुन्हा त्यांच्यासमोर वही धरून उभी राहणार होती.

तिनं म्हाताऱ्याच्या छातीवर तळहात ठेवला. ठोका सापडला, पण जागच्या जागी. पाठ केल्याप्रमाणे तो डावीकडे सरकलेला हवा होता. तिनं स्टेथोस्कोप लावला. लब-डब. लब-डब. मधे काही नाही. त्याला डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून धरायला लावला, डोळे मिटून पुन्हा ऐकलं. स्वच्छ.

"घावंना व्हय?" मंगलनं विचारलं.

तेवढ्यात डॉक्टर जयराज आले. सोबत बाहेरगावचे परीक्षक होते.

"हं, बोल."

अंकितानं रोग्याची सगळी हकिकत घडाघडा म्हटली आणि थांबली.

"मर्मर?"

"सर, मला... ऐकू येत नाहीये."

जयराज पाहुण्यांकडे बघून हसले. "माझ्या किती बॅचेस या मर्मरवर पास झाल्या, ठाऊक आहे? दारात उभं राहिलं तरी ऐकू येतो. तुला छातीवर बसूनही येत नाही?" त्यांनी आपला स्टेथोस्कोप म्हाताऱ्याच्या छातीला जेमतेम टेकवला. "हा काय! काखेपर्यंत जातोय. ऐका सर."

पाहुण्यांनी ऐकलं. मान डोलावली. "क्लासिक."

"परत ऐक," जयराज अंकिताला म्हणाले. "आणि ठरव, डॉक्टर व्हायचंय की घरी जायचंय."

तिनं परत ऐकलं. लब-डब. तिनं वर पाहिलं. मंगल तिच्याकडेच बघत होती, एकटक. काहीतरी मागितल्यासारखी.

"आहे सर," अंकिता म्हणाली. "काखेपर्यंत जातोय."

"आता कसं! कान साफ ठेवत जा."

जाताना जयराजांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर थोपटलं. नजर पुढच्या पलंगावर होती. "काय भाऊसो, झकास ना? पुढच्या खेपेलाही यायचं बरं का."

म्हाताऱ्यानं मंगलकडे बघून मान हलवली.

अंकिता सामान गोळा करू लागली. "थँक्यू आजोबा. तुमच्यामुळं सुटले."

"आवाज आला न्हवं बाई?" मंगलनं विचारलं.

"आला ना."

"मग झालं. लय मोठी डाक्टर हुशील."

अंकिता हसून निघून गेली. म्हातारा शर्टाची बटणं लावायला लागला. एक बटण काही केल्या लागेना.

"मंगल," तो हळूच म्हणाला, "तिघांनी ऐकलं गं. माझ्या बी छातीत त्योच आवाज हाय म्हनं. आता मी बी भाऊसो दादागत जातुय का काय?"

मंगलनं वाकून त्याचं बटण लावलं.

"न्हाई वो नाना. परवाच साताऱ्यात तपासून आणलंय न्हवं तुमास्नी? काय बी न्हाई तुमच्या छातीत," ती म्हणाली. "उन्हाळ्यात माझ्या आबांनी ह्याच डाक्टरांच्या हातात जीव सोडला. त्ये बी ह्यांना ठावं न्हाई."