लुपेची साक्ष

“उठा लुपेबाई, साक्ष द्या. प्रभूनं तुमचं ऐकलं!”

पाळकांनी बोलावलं तशी लुपे बाकावरून उठली. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या त्या सामोअन चर्चमध्ये ती कशाबद्दल बोलणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा थोरला, सोलोमोना, जन्मला तेव्हा सगळ्यांनी मुलगी झाली म्हणून आनंद केला होता. मोठेपणी त्यानं पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शनं सुरू केली. आवाज फुटला, दाढी आली, गोदीवर काम मिळालं. लुपेनं मात्र त्याला ‘पोरी’ म्हणणं सोडलं नाही. दर रविवारी ती इथंच गुडघे टेकून मोठ्यानं मागायची, “देवा, माझ्या लेकीची ती सुई बंद कर.”

हिवाळ्याच्या तोंडावर सुई बंद झाली. सोलोमोनाच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तूर्त इंजेक्शन नाही. पुढे कधी देता येईल, हेही आज सांगता येत नाही.

बातमी कळताच लुपेची नणंद सिनालेई टाळ्या पिटत घरी आली. “काय वहिनी, देवाच्या काठीला आवाज नसतो तो असा! आता ती दाढी तेवढी झडू दे, मग बघ मी कशी स्थळं आणते.”

लुपे हसली. त्या दिवशी तिनं डुकराचं मटण भाजलं, नारळाच्या दुधात अळूचे कंद शिजवले. सोलोमोना जेवायला खोलीबाहेर आलाच नाही.

मग एका सकाळी तो तिला परसात दिसला. गारठ्यात नळाखाली चादर धूत होता. त्याची पाळी परत आली होती, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे थांबता थांबत नव्हती. पाणी लाल वाहत होतं. एवढा दांडगा माणूस, पण आईला बघताच ओली चादर छातीशी धरून भिंतीकडे वळला.

“आण इकडे, मी धुते,” ती म्हणाली.

“राहू दे, आई. देवानं तुझं ऐकलं ना? आता तरी खूश हो.”

रागानं बोलला असता तर तिनं सोसलं असतं. तो रागावलेला नव्हता. नुसता थकलेला होता.

आता सगळं चर्च तिच्याकडे बघत होतं. आनंदाश्रू पुसायला सिनालेईनं रुमाल पुढे केला. लुपेनं तो घेतला नाही.

“प्रभू,” ती म्हणाली, “मी काय मागत होते ते मलाच कळत नव्हतं. ते मागणं मी मागे घेते. माझ्या मुलाला त्याचं औषध परत मिळू दे.”

आशीर्वादाला उचललेला पाळकांचा हात तसाच राहिला. ‘आमेन’ लुपेला एकटीलाच म्हणावं लागलं.