मागच्या सीटवरची थरथर

चौथ्यांदा तीच गाडी गॅरेजच्या दारात बघून मिस्त्रीच्या तोंडात शिवी आली. गिऱ्हाईक म्हातारं होतं म्हणून त्याने ती गिळली.

साहेब खाली उतरलेच नाहीत. मागच्या खिडकीची काच उतरवून आतूनच बोलले, "जैसे थे. अजून थरथरतेय. तू मिस्त्रीच आहेस ना? की आधी सायकलींचं पंक्चर काढायचास?"

"चाकं दोनदा बॅलन्स केली, साहेब. मागची बेअरिंगं बदलली, बुश बदलले, शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले. आता फक्त नंबरप्लेट बदलायची राहिलीय."

ड्रायव्हरला हसू आलं. ते त्याने लगेच पुसलं, पण साहेबांनी आरशात बघितलं होतं.

"हस, हस. हाच गाडी आदळतो प्रत्येक स्पीडब्रेकरवर. ऐक रे, आज दोष सापडला नाही, तर उद्यापासून किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी बसायचं."

"अकरा वर्षं झाली, साहेब," ड्रायव्हर समोरच्या काचेला म्हणाला.

"म्हणूनच. अकरा वर्षांत माणूस माजतो."

मिस्त्रीचं डोकं आधीच फिरलं होतं. ही गाडी त्याने एकट्याने पळवली होती. मागच्या सीटवर वाळूची तीन पोती टाकून पळवली होती. पोत्यांची काही तक्रार नव्हती.

"तुम्ही स्वतः चालवता तेव्हा येते का?"

"चालवताना अजिबात नाही. मागे टेकून निवांत बसलो की सुरू. आणि भास होतोय वगैरे मला सांगू नकोस. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात मशीनं सांभाळलीत मी. नुसता तळवा टेकवून सांगायचो, कुठलं बेअरिंग जाणार ते."

"मग दाखवा मला," म्हणत मिस्त्री दुसऱ्या दाराने आत शिरला आणि थेट त्यांच्या शेजारी बसला. हे आधी का सुचलं नाही, याचा त्याला स्वतःचाच राग आला. त्याचे तेलकट कपडे बघून साहेबांनी मधली कातडी बॅग उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली.

"सीटला हात पुसू नकोस."

"नाही पुसत."

वस्ती मागे पडली. रस्ता सरळ आणि नवा होता, काटा साठवर. मिस्त्रीने गादीवर तळवा पसरला आणि डोळे मिटले. बराच वेळ काहीच नाही.

"आली," साहेब म्हणाले.

खरंच आली होती. बारीक, एका चालीत, न थकणारी. बॅगेचं बकलसुद्धा तिच्या तालावर टिकटिकत होतं. एवढे दिवस खोटा पडलेला मिस्त्री ओरडलाच, "सापडली साली!"

"बघ! मी काय बोंबलत होतो?"

"ऐंशी कर रे," मिस्त्री ड्रायव्हरला म्हणाला.

ऐंशीला थरथर तेवढीच.

"आता चाळीस."

तेवढीच.

"न्यूट्रल कर. नुसती घरंगळू दे."

तेवढीच.

मिस्त्रीने डोळे उघडले. चाकाची थरथर चाकाबरोबर मंदावते, इंजिनाची इंजिनाबरोबर. हा नियम कुठल्याच गाडीला चुकलेला नाही. ही थरथर मात्र कुणालाच जुमानत नव्हती.

"बाजूला घे."

गाडी कडेला थांबली. शेजारून एक ट्रक धाडधाड गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी एकदा हलली आणि स्थिर झाली. टिक, टिक, टिक. बकल वाजतच होतं.

"अजून येतेय!" साहेब लढाई जिंकल्यासारखे म्हणाले. "आता इंजिन बंद कर. म्हणजे कळेल, इंजिनातून येतेय का."

ड्रायव्हरने आरशातून मिस्त्रीकडे पाहिलं. मग हात वर केला. किल्ली त्याच्या बोटात होती.

"बंदच आहे, साहेब."

बकल मात्र बोलत राहिलं.

मिस्त्रीच्या जिभेवर सगळं तयार होतं. चार फेऱ्यांचं, वाळूच्या पोत्यांचं. सायकलीच्या पंक्चरचं उत्तर तर दारातच तयार झालं होतं. सोडायला हीच वेळ होती. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर एक मैलाचा दगड होता आणि पुढे नुसतं गवत.

"मग कुठून येतेय?" त्यांनी विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

मिस्त्रीने बॅगेखाली हात घातला आणि त्यांचा गुडघा दाबून धरला.

बकल गप्प झालं.

"थांबली," साहेब म्हणाले.

"ड्रायव्हरची चूक नव्हती, साहेब."

"नाही. त्याची नव्हती."

ड्रायव्हरने किल्ली लावली, पण फिरवली नाही. "निघू का, साहेब?"

"निघ. आणि उद्या नेहमीच्या वेळेला ये."

गाडी रस्त्याला लागली. मिस्त्रीने खाली पाहिलं. साहेबांच्या पांढऱ्या पँटवर त्याची पाचही बोटं काळी उमटत होती.

"तेल लागतंय, साहेब."

"लागू दे," साहेब खिडकीबाहेर बघतच म्हणाले. "हात काढू नकोस."