पडद्यांखालचं पाणी

बांगड्याच्या चिरलेल्या पोटात हिरवट कणसुद्धा नव्हता. होडीच्या फळीवर वाकून विशाखाने भिंगातून पुन्हा पाहिलं.

“उपाशीच ना, बाय?” धाकू नाखवा म्हणाला. “तुमच्या माणदेशात विहिरी तुडुंब, आन् आमच्या बांगड्याला पाण्यात राहून कडक उपास!”

विशाखाच्या पथकाने समुद्रात सोडलेले पडदे वरच्या आणि खालच्या प्रवाहांना एकमेकांवर घासू देत नव्हते. त्यामुळे पाण्याच्या पोटात लाटा उठून फुटत नव्हत्या, घुसळण होत नव्हती. वरचं पाणी उबदार राहून देशावर पाऊस पडत होता, पण खोलातलं खाद्य वर येत नव्हतं.

“पडदे काढले तर माझ्या आईच्या गावचा पाऊस जाईल, नाखवा.”

“ठाव हाय. म्हणून तर दोन हंगाम गप बसलो.”

बांगडा उपाशी मरतोय हे ठाऊक असून तीही तेच दोन हंगाम गप्प राहिली होती. तिने रेडिओ उचलला.

“सगळे पडदे वर ओढा,” ती म्हणाली.