अडखळणारी गाडी

काल फाट्यावर अप्पांची जुनी गाडी क्षणभर अडखळली, म्हणून तर उसाचा ट्रक नाकासमोरून सुसाट निघून गेला आणि दहावीतली अंजू आई-अप्पांसकट वाचली.

तरी अप्पांचं एकच. "आज दोष सापडला न्हाई, तर भंगारात देतो."

उदगीरच्या गॅरेजात भुजंगमामांनी प्लग पुसले, कार्बोरेटर साफ केला. "काहीच खराब न्हाई हो! अंजे, तुझे कान लई तिखट. ऐक बरं." त्यांनी लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ तिच्या कानाला लावली.

अप्पांनी इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दाबला. गाडी अडखळली. त्या अडखळण्यात आत कुणीतरी दचकून श्वास घेतला आणि धरून ठेवला.

अंजूनं घाबरायला हवं होतं. पण तिचे डोळेच भरून आले. "काल लई उपकार झाले गं तुझे," ती बॉनेटशी कुजबुजली.

मग ठणकावून म्हणाली, "अप्पा, गाडी द्यायची न्हाई. म्हणजे न्हाई!"

"हाव बाई, न्हाई देत," अप्पा हसले. त्यांनी इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली.

पेचकस अजून अंजूच्या कानालाच होता. आत धरलेला श्वास हळूहळू सुटला, आणि तिच्या कानाची पाळी कोमट झाली.