बेडूक बरा झाला

डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही माझ्या बेडकाच्या बरणीचं झाकणसुद्धा न उघडता मला बाहेर काढलंत. "आजी, आम्ही इथं गाई-म्हशी बघतो. हा ओढ्यात सोडा, दुसरा आणा," म्हणालात.

मी आजी नाही, बावन्नची आहे. आणि काचेच्या टाकीत वाढलेला हा पाण्यातला बेडूक ओढ्यात काय खाणार होता? पाठीवर कापसासारखी बुरशी धरलेली, अळी समोर धरली तरी तोंड फिरवत होता. आजार मला दिसत होता. औषध तुम्ही सांगायचं होतंत.

शेवटी शोभेचे मासे विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं तसं केलं. बेडकाला वेगळ्या पातेल्यात ठेवलं, क्लोरीन उडून जावं म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी रोज नव्यानं भरलं, बुरशीवरचं औषध थेंबाथेंबानं घातलं. आज सकाळी त्यानं माझ्या बोटांतली अळी ओढून गिळली. "अहो, खाल्लं बघा त्यानं," मी मोठ्यानं म्हणाले, आणि ओ द्यायला घरात कुणी नव्हतं.

म्हणून आले. औषध नको आता. तुमच्यासमोरची खुर्ची रिकामी आहे. दोन मिनिटं बसून त्याचं सगळं सांगू का, की पुन्हा बाहेर जाऊ? तेवढं बोला.