सोबतीला सासूबाई

"मीच येते सोबतीला," सुमनताई म्हणाल्या, आणि विनयाच्या हातातलं लाटणं पोळीवर अर्ध्यात थांबलं.

वसईजवळच्या सांडोरच्या त्या घरातली बाई सोबतीशिवाय गावाबाहेर जात नसे. विनयानं सकाळीच नवऱ्याला, जितेंद्रला, हळूच विचारलं होतं. श्रीवर्धनला तिचे वडील पोस्टात होते, तिचं लहानपण तिथं गेलं. तिथं दोन दिवस जाऊन यावं. एकटीनं. आर्या झाल्यापासून चार वर्षांत ती एकटी अशी फक्त न्हाणीघरात असे, आणि तिथंही दारावर थापा पडत.

"दोन दिवस कुणी मला हाक मारू नये, एवढंच हवंय रे," ती म्हणाली होती. दाराआड सुमनताई भाजी निवडत होत्या, हे तिला नंतर दिसलं.

सासरे दिनानाथ, म्हणजे घरातले भाऊ, केळीच्या बागेतून आले, पाय धुतले नि म्हणाले, "जाऊ दे की तिला. पण सोबत कोण?"

आणि आता ही सोबत.

"आई, तुम्हाला कशाला उगीच त्रास?"

"त्रास कसला? मलाही तेवढाच हवापालट."

विनयाला वणीची यात्रा आठवली. दोन वर्षांपूर्वी त्या दोघीच गेल्या होत्या. खिडकी बंद असली की विनयाला मळमळे. उघडी असली की सुमनताईंच्या कानात वारा जाई. कसारा घाट येईपर्यंत त्या खिडकीची नुसती उघडझाप चालली होती. मुक्कामी सुमनताई पहाटे चारला उठून मोठ्यांदा स्तोत्रं म्हणू लागल्या. गाडीतल्या एका अनोळखी बाईला तर त्यांनी विनयाच्या सिझेरियनची साद्यंत हकिगत सांगितली, टाक्यांच्या आकड्यासकट. येताना दोघी बोलत नव्हत्या.

याच सुमनताई शेजारच्या सालोमीबायबरोबर दरवर्षी नाशिकला जात, ते कसं जमे देव जाणे. ही जायची गोदावरीवर, ती बाळ येशूच्या यात्रेला. एकीला उपास, तर दुसरीच्या घशाखाली सुक्या बोंबलाशिवाय घास उतरत नाही. एकीची पहाट चारला, दुसरीची नऊला. घरी कुंपणावरून रोज खडाजंगी. पण वीस वर्षांत प्रवासातून दोघी कधी भांडून आल्या नाहीत. उलट तोंडावर तुकतुकी घेऊन येत. गेल्या वर्षी सालोमीबायनं आर्यासाठी मूठभर शंखशिंपले आणले होते.

"नाशिकला शिंपले?" विनयानं विचारलं होतं.

"गोदामाय काय काय देते, बाय!" सालोमीबाय हसली होती, आणि सुमनताईंना अचानक ठसका लागला होता.

तयारीच्या दिवसांत सुमनताईंनी नियमच घालून दिले. "पिशव्या वेगळ्या. डबे वेगळे. तुझं माझं एकत्र भरायचं नाही. आणि घरी फोन मी करीन, दोघींचा मिळून. तू एसटीडी बूथची पायरी चढायची नाही."

"आर्याशी बोलायचं पण नाही?"

"नाही म्हटलं ना. तू काहीतरी बोलून बसशील."

विनयाचे डोळे भरून आले. मी काय बोलून बसणार? त्या संध्याकाळी तिनं पिशवीतले कपडे परत कपाटात ठेवले. "नकोच जायला," ती जितेंद्रला म्हणाली.

त्यानंच ते पुन्हा पिशवीत भरले. "जा गं. आईचं एवढं मनावर घेऊ नकोस. आर्याला मी बघतो."

शनिवारी सकाळी भाऊंनी दोघींना रिक्षानं वसईच्या स्टँडवर आणलं. बाकावर सालोमीबाय, मांडीवर पिशवी घेऊन.

"तूपण?" भाऊंनी विचारलं.

"नवऱ्याला, बेसिलला, म्हटलं, सुमन चाललीय श्रीवर्धनला, मग मी काय घरी बसून तुझं तोंड बघू?"

भाऊ मोकळेपणी हसले. "वा! एकीला दोन सोबती. आता मला काळजी नाही." ते त्याच रिक्षानं परत फिरले. रिक्षा वळणाआड जाईस्तोवर सुमनताई हात हलवत राहिल्या.

श्रीवर्धनची गाडी लागली. "जा, जागा धर," सुमनताई म्हणाल्या. विनया चढली, तिघींची सीट धरली आणि खिडकीशी बसली. पर्समध्ये आर्याची लाल क्लिप होती. तिच्यावरून बोट फिरवताना तिला वाटलं, असू दे. म्हातारीचा कान तरी किती दुखत असेल. तिनं उठून काच ओढली, घट्ट बंद केली.

बाहेरून काचेवर टकटक झालं. खाली सुमनताई उभ्या होत्या.

"उघड ती. मळमळेल तुला."

विनयानं काच सरकवली. सुमनताईंनी बागेतल्या केळ्यांच्या सुकेळ्यांची पुडी आत दिली.

"आई, चढा ना लवकर! गाडी सुटतेय."

"सोमवारी संध्याकाळी पाचला, याच बाकावर. आधी आलीस तर थांब, तिघींनी मिळूनच घरी जायचं. आणि समुद्र कसा होता ते तेव्हा मला नीट सांग, म्हणजे मला घरी सांगता येईल."

विनयानं मान बाहेर काढून पाहिलं. सालोमीबाय केव्हाच अलिबागच्या गाडीत चढून बसली होती, आणि सुमनताई पदर खोचून, एकट्याच, नाशिकच्या गाडीकडे लगालगा निघाल्या होत्या.